टिश्यूकल्चरचे रोप : बरणीत काय घडते, बाहेर काय जपायचे

"टिश्यूकल्चरची रोपं घेतली, रोपामागं जास्तीचे पैसे मोजले, तरी हरण्या आलाच. मग उपयोग काय?" केळी पट्ट्यातल्या कुठल्याही मेळाव्यात हा प्रश्न निघतोच. जळगाव जिल्ह्यात रावेर-यावल भागात कुकुंबर मोझॅक विषाणूने बागा उपटायची वेळ आली, तेव्हा तर तो फारच तावातावाने विचारला गेला. इंदापूर, करमाळा भागातही आता केळी वाढली आहे, तिथेही तो येतो. शेतकऱ्याचा राग समजू शकतो. एकरी १,४०० ते १,७०० रोपे घ्यायची, ठिबक करायचे, आणि दोन महिन्यांत पानावर पिवळे पट्टे दिसायला लागले की माणूस हबकतोच.

पण या प्रश्नाच्या मुळाशी एक गैरसमज आहे. टिश्यूकल्चर हे वाण नाही, औषध नाही आणि रोगाविरुद्धची लसही नाही. ती रोपे वाढवण्याची पद्धत आहे. ती समजून घ्यायची तर थोडे पेशीपर्यंत उतरावे लागते.

पेशी आणि उती

कांद्याचा पातळ पापुद्रा काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर विटांच्या भिंतीसारखी रचना दिसते. शाळेत अनेकांनी ती पाहिली असेल. त्यातली एकेक वीट म्हणजे पेशी. वनस्पतीची पेशी एवढी बारीक, की एका मिलिमीटरमध्ये ओळीने दहापासून शंभरपर्यंत बसतात. तिला बाहेरून भिंत असते, आत केंद्रक असते, आणि त्या केंद्रकात अख्ख्या झाडाची कुंडली असते. सारख्या कामाच्या पेशी एकत्र आल्या की त्याला उती म्हणायचे. पाणी वर नेणारी उती वेगळी, पानात तयार झालेले अन्न खाली आणणारी वेगळी. कलम बांधताना साल आणि लाकूड यांमधला हिरवा थर थराला जुळवा असे आपण सांगतो, कारण तिथली उती सतत नवीन पेशी तयार करीत असते. थर जुळला नाही तर कलम धरत नाही.

शेळीच्या कानाच्या तुकड्यापासून शेळी होत नाही. झाडाचे तसे नाही. पानफुटीचे पान मातीवर पडले की त्याच्या कडेला रोपे फुटतात, उसाच्या एका डोळ्यातून बेट होते. हीच ताकद बरणीत वापरायची कल्पना जर्मन भाषक शास्त्रज्ञ हाबरलांट यांनी १९०२ मध्ये मांडली, पण त्यांना पेशी वाढवता आल्या नाहीत. १९५७ मध्ये स्कूग आणि मिलर यांनी दाखवून दिले, की दोन प्रकारच्या संजीवकांचे प्रमाण बदलले तर त्याच तुकड्याला कधी मुळे फुटतात, कधी कोंब. १९६२ मध्ये मुराशिगे आणि स्कूग यांनी जे खाद्य ठरवले, तेच 'एमएस' नावाने आजही बहुतेक प्रयोगशाळांत वापरले जाते. त्यात क्षार, जीवनसत्त्वे, लिटरला साधारण ३० ग्रॅम साखर आणि घट्टपणासाठी अगार असते.

आता विषाणूचे. कोंबाच्या अगदी टोकाला एक बारीक घुमट असतो, मिलिमीटरच्या काही दशांशाएवढा. तिथपर्यंत अन्न-पाण्याच्या नळ्या पोचलेल्या नसतात आणि पेशी झपाट्याने विभागत असतात. विषाणू या नळ्यांमधूनच लांब पसरतो, त्यामुळे तो टोक बहुधा वाचते. मोरेल आणि मार्टिन यांनी १९५२ मध्ये फ्रान्समध्ये रोगट डेलियाचे असेच टोक घेऊन निरोगी झाड उभे केले. 'बहुधा' हा शब्द मात्र विसरू नका. धंद्याच्या प्रयोगशाळेत घाईने मोठा तुकडा घेतला, तर विषाणू आतच राहतो.

पुण्यातले काम

आपल्या पुण्याचे नाव या विषयात मोठे आहे. पाषाण रस्त्यावरची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे एनसीएल, १९५० मध्ये सुरू झाली. नावात 'रासायनिक' असले तरी तिथे झाडांच्या उतींवर वर्षानुवर्षे काम झाले. डॉ. जगन्नाथन आणि डॉ. मस्करेन्हस यांच्या गटाने १९८० मध्ये शंभर वर्षांच्या सागापासून बरणीत रोपे वाढवल्याचे प्रसिद्ध केले. जुना, सरळ वाढलेला साग निवडून त्याचीच नक्कल करता येते, हे त्यातून दिसले. पुढे १९९० मध्ये डॉ. रजनी नाडगौडा, परशरामी आणि मस्करेन्हस यांनी बांबूला बरणीतच फुले आणली, बीही धरवले. हे काम 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आले. जो बांबू रानात कित्येक दशके फुलत नाही, तो काही आठवड्यांत फुलला. बांबू फुलला की दुष्काळ येतो असे म्हणणारी जुनी माणसे त्या बरणीकडे पाहून काय म्हणाली असती कोण जाणे!

उसासाठी मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. तिथे उतिसंवर्धनातून उसाची रोपे तयार होतात आणि कारखान्यांच्या बेणे मळ्यांसाठी जातात. मूलभूत, पायाभूत, प्रमाणित अशी ही तीन पायऱ्यांची बेण्याची साखळी आहे. गवताळ वाढ आणि काणी या रोगांनी खोडवा बसलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना दर तीन-चार वर्षांनी बेणे बदला हे वेगळे सांगायला नको. तरी शेजाऱ्याच्या फडातला ऊस तोडून लावण्याची सवय आपल्याकडे जात नाही.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मुलामुलींसाठी

या प्रयोगशाळांत बरण्या भरणारे, कोंब कापणारे हात बहुतेक खेड्यातल्या मुलींचे आहेत. घरच्यांना वाटते, उन्हात राबण्यापेक्षा एसीतले काम बरे. ते खरेही आहे. पण तिथले धोके डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून सरपंच, ग्रामसेवक आणि पालकांनीही ते माहीत करून घ्यावेत.

तुकडा निर्जंतुक करायला काही ठिकाणी मर्क्युरिक क्लोराइडचे पाणी वापरतात. हजार भागांत एक भाग एवढे सौम्य असले तरी ते पाऱ्याचे जहाल विष आहे. हातमोज्याशिवाय हात घालायचा नाही, नळी तोंडाने ओढायची नाही, आणि वापरलेले पाणी मोरीत ओतायचे नाही. ते वेगळ्या कॅनमध्ये साठवून धोकादायक कचऱ्याच्या यंत्रणेकडेच द्यायचे. मोरीत गेलेला पारा गावच्या ओढ्यात आणि विहिरीत येतो. ज्या प्रयोगशाळेचे सांडपाणी गावात सुटते, तिथे ग्रामपंचायतीने हा एक प्रश्न लेखी विचारावा.

कोंब कापायच्या टेबलावर गाळलेली हवा वाहत असते. तिथे निळसर प्रकाशाची अतिनील नळी बसवलेली असते. ती काम सुरू होण्याआधी अर्धा तास लावतात आणि बसण्याआधी बंद करतात. नळी चालू असताना बसले तर त्या वेळी काहीच कळत नाही, रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते, कातडी भाजते. नळी बंद आहे की नाही, हे प्रत्येकाने स्वतः पाहावे. दुसऱ्याने सांगितले म्हणून बसू नये.

त्याच टेबलावर स्पिरिटचा दिवा असतो. हाताला स्पिरिट चोळायचे आणि चिमटा ज्योतीवर धरायचा, या दोन कामांत हात पूर्ण वाळेपर्यंत वेळ गेलाच पाहिजे. उजेडात स्पिरिटची ज्योत नीट दिसत नाही. ओढणी, मोकळे केस, नायलॉनचे कपडे नकोत. पेटत्या दिव्यात स्पिरिट भरायचे नाही.

ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा प्रेशर कुकर. १२१ अंश सेल्सिअस आणि १५ पौंड दाबाला तो चालतो. काटा शून्यावर आल्याशिवाय झाकण उघडले तर वाफ तोंडावर येते. बुरशी आलेली बरणी तशीच उघडून धुवायची नसते, आधी ऑटोक्लेव्हमध्ये मारायची. नाहीतर बुरशीचे बीजाणू साऱ्या खोलीत उडतात, कामगाराच्या छातीत जातात आणि शेजारच्या शंभर बरण्याही खराब करतात. म्हणजे सुरक्षितता आणि रोपाची शुद्धता ही एकच गोष्ट झाली. जिथे कामगाराला हातमोजे मिळत नाहीत, तिथल्या रोपांवर मी तरी डोळे मिटून भरवसा ठेवणार नाही.

नायट्रोजनची टाकी

जनावरांच्या पेशींवर काम करणारी संस्थाही पुण्यातच आहे. गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात पेशी द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांना जपून ठेवतात. हे काही आपल्याला परके नाही. मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला १९६७ मध्ये स्थापन केलेल्या बाएफमुळे गोठवलेल्या रेताची कांडी गावोगाव पोचली, तिच्या टाकीत हाच नायट्रोजन असतो. एक लिटर द्रवापासून सुमारे सातशे लिटर वायू होतो. तो विषारी नाही, पण बंद खोलीत प्राणवायूची जागा घेतो आणि माणूस गुदमरून बेशुद्ध पडतो. वास येत नाही, इशारा मिळत नाही. म्हणून टाकी काचा बंद केलेल्या गाडीतून नेऊ नये, तिचे तोंड बूच मारून घट्ट बंद करू नये, आणि कांडी काढताना उघडा हात आत घालू नये.

रोप घेताना

आता पुन्हा केळीकडे. बरणीत दर फेरीला एका कोंबाचे तीन झाले असे धरा. आठ फेऱ्यांत एकाचे ६,५६१ होतात. मूळ कंद निरोगी असेल तर सगळी निरोगी, रोगट असेल तर साडेसहा हजार रोगट. म्हणूनच केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ पासून उतिसंवर्धित रोपांसाठी प्रमाणीकरणाची व्यवस्था आणली. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या रोपांच्या लॉटची विषाणू तपासणी होऊन त्याला प्रमाणपत्र मिळते. केळीत बंची टॉप, ब्रॅक्ट मोझॅक, स्ट्रीक आणि कुकुंबर मोझॅक हे विषाणू तपासतात. फेऱ्या फार वाढल्या की रोपे वेडीवाकडी निघू लागतात, म्हणून त्यांवरही मर्यादा आहे.

रोपे ठरवताना लॉटचे प्रमाणपत्र मागा, पावतीवर लॉट नंबर आणि रोपवाटिकेचे नाव लिहून घ्या. कच्ची पावती चालणार नाही. पुढे तक्रार झालीच तर कृषी विभागाकडे आणि ग्राहक आयोगाकडे तोच कागद चालतो. बरणीतून निघालेले रोप लाडावलेले असते, म्हणून ते आधी दमट शेडनेटमध्ये आणि मग पिशवीत असे दोनदा कणखर करावे लागते. फुटाएवढे उंच, पाच-सहा निरोगी पानांचे, पांढरी मुळे पिशवीभर पसरलेले रोपच घ्यावे. पट्टेरी पान, आखडलेला पोंगा, खुजे रोप दिसले तर जागेवरच परत करा.

शेतात आल्यानंतरची जबाबदारी मात्र आपली. निरोगी रोपालाही हरण्या होतो, कारण मावा तो बाहेरून आणतो. काकडी, टोमॅटो, मिरची आणि बांधावरचे तण यांत हा विषाणू टिकून असतो. त्यामुळे केळीत काकडीवर्गीय आंतरपीक नको, बांध स्वच्छ ठेवावा आणि माव्यावर वेळेत नियंत्रण करावे. फवारताना डब्यावरची सूचना वाचावी, नाकातोंडाला फडके, हातात मोजे असावेत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले, ते विसरून चालणार नाही.

पहिले तीन महिने आठवड्यातून एकदा बागेत ओळीने फिरावे. पिवळे पट्टे दिसलेले झाड कंदासकट काढावे. काढलेले झाड बांधावर टाकायचे नाही, त्यावरचा मावा शेजारच्या झाडावर जातो. ते लगेच बागेबाहेर नेऊन खड्ड्यात पुरावे.