पावसाच्या खात्यातला ड्रॅगन

दक्षिण कोरियात ग्योंग्जूच्या पूर्वेला, समुद्राजवळ, गामुन्सा नावाच्या बौद्ध मंदिराचे अवशेष आहेत. दोन तिमजली दगडी पॅगोडे अजून उभे आहेत. मुख्य मंदिर गेलं, जोतं तेवढं उरलं, आणि हे जोतं भरीव नाही. आडवे दगड टाकून फरशीखाली मुद्दाम पोकळी सोडलेली आहे.

ही पोकळी एका राजासाठी होती. सिल्ला राज्याचा राजा मुनमू ६८१ मध्ये वारला. आपण मेल्यावर ड्रॅगन होऊ आणि समुद्राकडून येणाऱ्या शत्रूपासून राज्य राखू, असं तो सांगून गेला होता म्हणे. मुलाने पुढच्याच वर्षी मंदिर पुरं केलं. तेराव्या शतकातला ‘साम्गुक युसा’ हा ग्रंथ सांगतो, की वडिलांना समुद्रातून आत येऊन वेटोळं घालून बसता यावं म्हणून पूर्वेला भोक ठेवलं होतं. दंतकथा म्हणून सोडून द्यावी, तर उत्खननात पोकळी खरोखरच निघाली.

वडील यायचे म्हणून बिळाची सोय! आपल्याला हे चमत्कारिक वाटतं, कारण ड्रॅगन आपल्याकडे इंग्रजीच्या वाटेने आला. आग ओकणारा, सोन्याच्या ढिगावर बसलेला, शेवटी कुणा वीराच्या भाल्याने मरणारा. शिवाय आपल्या मथळ्यांमध्ये तो बारा महिने सीमेवर फूत्कार टाकत असतो. चीनचा लुंग, कोरियाचा योंग, जपानचा ऱ्यू यांचा मात्र आगीशी फारसा संबंध नाही. त्यांना बहुधा पंखही नसतात, तरी ते ढगांतून पोहत जातात. नद्या, डोह, समुद्र ही त्यांची घरं, आणि पाऊस पाडणं हे त्यांचं काम.

काम हा शब्द अगदी शब्दशः घ्यायचा. चिनी लोककल्पनेत स्वर्गसुद्धा एक सरकार आहे आणि ड्रॅगनराजा त्यातला पाटबंधारे खात्याचा अधिकारी. ‘पश्चिमेची यात्रा’ या सोळाव्या शतकातल्या कादंबरीत जिंग नदीचा ड्रॅगनराजा एका ज्योतिषाशी पैज लावतो. ज्योतिषी उद्याचा पाऊस वेळेसकट सांगतो : तीन फूट, तीन इंच आणि अठ्ठेचाळीस थेंब, अर्थात चिनी मापाने. थोड्याच वेळात वरून हुकूम येतो, तोही थेंबाथेंबाने तोच. पैज जिंकायची म्हणून राजेसाहेब पाऊस उशिरा पाडतात आणि तीन इंच आठ थेंब मारून ठेवतात. शिक्षा : शिरच्छेद. (ज्या यात्रेवरची ही कादंबरी, तिचा नायक शाळेच्या पुस्तकातला आपला ह्युएन त्संगच. पुलकेशीच्या काळात तो महाराष्ट्रातही येऊन गेला होता.)

अधिकारी म्हटला की त्याला जाबही विचारता येतो. पावसाने ओढ दिली की आपल्याकडे देव पाण्यात ठेवतात. उत्तर चीनच्या खेड्यांत नेमकं उलटं करत. ड्रॅगनराजाची मूर्ती देवळातून काढून भर उन्हात बसवत : बघ, आमच्या अंगाची कशी लाही होते ती.

या ड्रॅगनराजाचं अर्धं गोत्र मात्र भारतीय आहे. लुंग चीनमध्ये फार जुना. हेनान प्रांतात पुयांगला १९८७ मध्ये सापडलेल्या एका दफनात सांगाड्याशेजारी शिंपल्यांचा ड्रॅगन मांडलेला आहे, तो सहा हजार वर्षांपूर्वीचा. पण बौद्ध ग्रंथ चिनीत नेताना ‘नाग’ या शब्दासाठी भिक्षूंनी ‘लुंग’ घेतला, आणि आपले नागराज आपला पाण्याचा अधिकार घेऊन त्या अंगात शिरले. रामटेकच्या टेकडीशी ज्याचं नाव जोडतात, तो नागार्जुन चिनीत लुंग-शू, म्हणजे ड्रॅगनवृक्ष, झाला. नागपंचमीला ज्याचं नाव आपण घेतो, तो तक्षक जपानच्या आठ महान ड्रॅगनराजांत ‘तोकुशाका’ या नावाने बसला आहे. क्योटोतल्या शिन्सेन-एन उद्यानात ८२४ मध्ये कूकाई या भिक्षूने पावसासाठी अनुष्ठान केलं, तेव्हा कथेप्रमाणे जो ड्रॅगन आला तो थेट भारतातल्या अनवतप्त सरोवरातला. तळ्याकाठी त्याचं छोटं देऊळ आजही आहे. मला तर वाटतं, ‘ड्रॅगन’ हे भाषांतर आपण इंग्रजीकडून उसनं घेतलं नसतं आणि सरळ ‘नाग’ म्हटलं असतं, तर निम्मा गैरसमज टळला असता.

निम्माच. कारण नागाला नखं नसतात, आणि चीनच्या दरबारी राजकारणात नखांना फार किंमत होती. पाच नखांचा ड्रॅगन सम्राटाचा. युआन राजवटीत तो सामान्यांना कायद्याने बंद झाला. पुढे मिंग आणि चिंग काळात बड्या अधिकाऱ्यांच्या झग्यांवर चार नखांचा प्राणी आला. तेच डोकं, तीच शिंगं, तेच खवले, पण त्याचं सरकारी नाव ‘मांग’, म्हणजे अजगर! एक नख कमी केलं की कागदोपत्री ड्रॅगनचा अजगर होई. राजवाड्यातून बाहेर गेलेल्या काही वस्तूंवर पाचवं नख नंतर खरवडून टाकलेलं दिसतं. जपानी ड्रॅगनला बहुधा तीनच नखं असतात.

सम्राटाशी बोलावं कसं, हेही या प्राण्यावरूनच शिकवलं गेलं. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात हान फेई हा चिनी विचारवंत लिहितो, की ड्रॅगन माणसाळवता येतो, त्याच्यावर स्वारही होता येतं. फक्त गळ्याखाली एक खवला उलटा असतो, त्याला हात लागला की माणूस गेलाच. राजालाही असा उलटा खवला असतो. जपानीत वरिष्ठ भडकले की अजूनही ‘उलट्या खवल्याला हात लागला’ असंच म्हणतात.

सम्राट १९१२ मध्ये गेले. ड्रॅगन लोकांकडे राहिला आणि पाळण्यापर्यंत पोचला. चिनी राशिचक्रातल्या ड्रॅगनच्या वर्षात जन्मलेलं मूल भाग्यवान समजतात. चीनमधले जन्म वर्षानुवर्षं घटत असताना २०२३ च्या ९०.२ लाखांवरून २०२४ या ड्रॅगनवर्षात ते ९५.४ लाखांवर गेले. कोविडमुळे लांबलेली लग्नं मग उरकली गेली, हेही त्यामागचं एक कारण, हे खरं.

बीजिंगच्या राजवाड्यात अठराव्या शतकात सम्राट छ्येनलुंगने बांधवलेली नऊ ड्रॅगनांची भिंत आहे. चकाकत्या रंगीत फरशांचे २७० तुकडे जोडून ती केली आहे. पूर्वेकडून तिसरा, पांढरा ड्रॅगन बघावा. सांगतात की बसवताना त्याच्या पोटाची फरशी फुटली. सम्राटाला कळलं असतं तर डोकी उडाली असती. एका सुताराने रातोरात लाकूड कोरून, पांढरं रंगवून त्या जागी बसवलं आणि पाहणी पार पडली. आता पोटावरचा रंग उडालाय आणि खालचं लाकूड उघडं पडलंय.