'खिडकी उघडी आहे ना!' : धुराचा त्रास आणि प्रवासातल्या समजुती

प्रवासात कुणी सिगारेट पेटवली आणि शेजारच्याने नाक दाबलं, की ठरलेलं उत्तर येतं : 'खिडकी उघडी आहे ना!' माणूस जरा समंजस असेल तर म्हणतो, 'बरं, दारात जाऊन ओढतो.' दोन्हींमागे समजूत एकच. धूर दिसेनासा झाला म्हणजे तो गेला. तंबाखूच्या धुराने ज्यांना ठसका लागतो, डोळे चुरचुरतात, डोकं धरतं किंवा छातीत घरघर सुरू होते, त्यांना हे खरं नाही हे अनुभवाने ठाऊक असतं. तरीही बचावासाठी तीच माणसं जे उपाय करतात, म्हणजे नाकाला रुमाल, खोलीत सुगंधी फवारा, निघण्यापूर्वी ॲलर्जीची गोळी, ते बहुतेक याच समजुतीतून आलेले असतात.

'ॲलर्जीच ती, एक गोळी घेतली की झालं'

परागकण किंवा धुळीतले सूक्ष्म किडे यांची ॲलर्जी होते, तेव्हा शरीरात हिस्टामिन नावाचं रसायन सुटतं आणि शिंका, खाज, नाक वाहणं सुरू होतं. ॲलर्जीची गोळी या हिस्टामिनला अडवते. तंबाखूच्या धुराचं काम बव्हंशी वेगळ्या वाटेने चालतं. त्यातली फॉर्माल्डिहाइड, ॲक्रोलिन, अमोनिया यांसारखी द्रव्यं डोळ्यांच्या, नाकाच्या आणि श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराला थेट झोंबतात. हिस्टामिन अडवून ही झोंब थांबत नाही. म्हणून गोळी घेऊनही त्रास होतो आणि मग सोबतची मंडळी 'हिच्या मनाचे खेळ आहेत' असा निकाल देऊन मोकळी होतात.

ज्यांना दमा आहे त्यांच्या श्वासनलिका या झोंबण्याने आवळल्या जातात. त्यांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. रोजचा, प्रतिबंधासाठी दिलेला पंप सहलीच्या गडबडीत राहून जातो. तो चुकवू नये. तातडीचा पंप हातातल्या पिशवीत असावा. डिकीतल्या बॅगेत ठेवलेला पंप घाटात धाप लागल्यावर काय कामाचा? उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवरही तो ठेवू नये, कारण त्या डबीत वायू दाबाखाली भरलेला असतो. दमा नसतानाही धुराने वारंवार छाती भरत असेल, तर प्रवासाच्या आधी डॉक्टरांकडून तपासून घेणं बरं.

'खिडकी उघडी आहे', 'बाहेरच तर ओढतोय'

सिगारेट ओढणारा जो धूर आत घेतो तो गाळणीतून आणि त्याच्या फुप्फुसांतून जातो. पेटत्या टोकाकडून सरळ हवेत जाणाऱ्या धुराला अशी कुठलीच गाळणी नसते, आणि शेजारच्याच्या वाट्याला मुख्यतः हाच धूर येतो. एकंदर तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायनं आढळली आहेत. त्यांपैकी सुमारे सत्तर कर्करोगाला कारण ठरणारी आहेत. विडीला 'आपली, साधी, पानाची' म्हणून सूट देणाऱ्यांनीही लक्षात घ्यावं, की धूर तिथेही तंबाखूचाच असतो.

चालत्या मोटारीची एक काच खाली केली की हवा नुसती बाहेर जात नाही. ती गाडीत फिरते आणि पुढच्या माणसाचा धूर मागच्या सीटवर आणून सोडते. उघड्यावरचा हिशोब मात्र वेगळा आहे आणि तो आपल्या बाजूचा आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत दिसलं, की ओढणाऱ्यापासून हात-दीड हातावर बसलेल्याला बाहेरही घरातल्याइतका धूर लागू शकतो. पण दोनेक मीटर लांब गेलं की प्रमाण झपाट्याने घसरतं आणि सिगारेट विझल्यावर हवा लवकर स्वच्छ होते. तेव्हा एसटी स्टँडवर किंवा धाब्यावर वाद घालण्याआधी चार पावलं सरका, वारा येतोय त्या बाजूला. धाब्यावरच्या थांब्यात खासगी बसची ओढणारी मंडळी नेमकी बसच्या दारापाशी कोंडाळं करतात. अशा वेळी आत बसून राहिलेल्यांनी ड्रायव्हरला दार लावून घ्यायला सांगावं. एवढी साधी गोष्ट पुष्कळांना सुचत नाही.

'नॉन-स्मोकिंग खोली घेतली आहे'

सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज हाच.

कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी 40 हॉटेलांच्या खोल्या तपासल्या आणि 2013 साली निष्कर्ष मांडले. काही हॉटेलं पूर्ण धूम्रपानमुक्त होती, काहींत ओढणाऱ्यांसाठी वेगळ्या खोल्या होत्या. या दुसऱ्या प्रकारच्या हॉटेलांतल्या 'न ओढण्याच्या' खोल्यांमध्येही टेबल, भिंती अशा पृष्ठभागांवर निकोटिनचा थर सापडला. पूर्ण धूम्रपानमुक्त हॉटेलांच्या तुलनेत दुपटीहून जास्त. वाटा सरळ आहेत. दाराखालची फट, मजल्यावरचा बोळ, न्हाणीघरांचा हवा ओढणारा सामाईक नळ आणि शेजारच्या बाल्कनीतून आत येणारा वारा. शिवाय काल त्या खोलीत कोण उतरलं होतं, हे पाटीला कुठे ठाऊक असतं?

पडदे, गाद्या, उशा आणि गालिचे धूर शोषून घेतात आणि पुढे कित्येक दिवस हळूहळू हवेत सोडतात. या शिळ्या धुरावर हॉटेलवाले फवारा मारतात किंवा उदबत्ती लावतात. उदबत्ती म्हणजे आणखी एक धूर, आणि फवाऱ्यातली सुगंधी द्रव्यं दमेकऱ्याला स्वतंत्रपणे त्रास देऊ शकतात. वास झाकला जातो, धूर आहे तिथेच राहतो. काही ठिकाणी ओझोन सोडणारं यंत्र लावतात. ओझोन स्वतःच फुप्फुसांना घातक आहे, त्यामुळे हा उपाय मूळ दुखण्याइतकाच वाईट.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो? 2 ऑक्टोबर 2008पासून लागू झालेल्या नियमांनुसार तीस किंवा त्याहून अधिक खोल्यांच्या हॉटेलालाच ओढणाऱ्यांसाठी खोल्या राखता येतात. त्याही एका वेगळ्या मजल्यावर किंवा एका अंगाला सलग असल्या पाहिजेत आणि त्यांचा धूर थेट बाहेर सोडला गेला पाहिजे. म्हणजे कोकणातल्या दहा खोल्यांच्या लॉजवर 'आमच्याकडे सगळं चालतं' असं कौतुकाने सांगितलं जातं, ते नियमाला धरून नाही. या नियमांनी धूम्रपान निषिद्ध असलेल्या जागी ॲशट्रे ठेवायलाही मनाई केली आहे. त्यामुळे खोलीत शिरल्यावर टेबलावर ॲशट्रे दिसला तर सामान सोडू नका, खोली बदलून मागा. लिफ्टपासून दूरची, वरच्या मजल्यावरची, खिडकी नीट उघडणारी खोली बरी पडते. रात्री दाराखालच्या फटीला ओला टॉवेल लावला तर बोळातला धूर थोडा कमी येतो. थोडाच.

परदेशी जाणाऱ्यांनी हाच धडा वेगळ्या कपड्यांत पाहावा. जपानमध्ये 2020पासून उपाहारगृहांवर बंधनं आली आणि 2024 साली तोक्यो–ओसाका मार्गावरच्या शिंकान्सेन गाड्यांमधल्या धूम्रपानाच्या खोल्याही बंद झाल्या, पण हॉटेलांत ओढणाऱ्यांच्या खोल्या अजून मिळतात, त्यामुळे बुकिंग करताना नीट पाहूनच खूण करावी. ग्रँड कॅन्यन बघायला म्हणून लास वेगसला उतरणाऱ्या आपल्या कुटुंबांना वाटतं, अमेरिका म्हणजे सगळीकडे बंदी. नेवाडा राज्याच्या कायद्यात कॅसिनोच्या खेळाच्या दालनाला सूट आहे, आणि तिथल्या बऱ्याच मोठ्या हॉटेलांत खोलीकडे जायची वाट याच दालनातून जाते. फ्रान्समध्ये 29 जून 2025पासून समुद्रकिनारे, बागा आणि बसथांबे धूम्रपानमुक्त झाले, पण कॅफेबाहेरच्या खुर्च्या त्यातून वगळल्या आहेत. पॅरिसला कॉफी आत बसून प्या.

'रेल्वेच्या दारात ओढली तर चालते'

चालत नाही. मुंबईचे नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2 नोव्हेंबर 2001 रोजी रेल्वेसह सार्वजनिक वाहनांत धूम्रपानाला बंदी घालण्याचा आदेश दिला. पुढे 2003चा सिगारेट व तंबाखू उत्पादनांचा कायदा आला. त्यात सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान केल्यास 200 रुपयांपर्यंत दंड आहे. रेल्वे स्थानक आणि बसस्टँड हेही, उघड्यावर असले तरी, सार्वजनिक ठिकाणच. दंडाची रक्कम आजच्या भावाने हास्यास्पद आहे, हे खरं. सिगारेटचं पाकीट त्याहून महाग मिळू शकतं.

वातानुकूलित डब्यात शौचालयाजवळ ओढलेल्या सिगारेटचा धूर दार उघडताच आत येतो आणि तीच हवा डबाभर फिरत राहते. दाराजवळच्या बर्थवाल्यांना त्याचा पहिला फटका. तिकीट काढताना नेमका बर्थ निवडता येत नाही, पण सहप्रवाशाला किंवा टीटीईला सांगून डब्याच्या मध्यावरची जागा बदलून मागता येते, आणि कारण सांगितलं तर लोक बहुधा देतात. ऐकणारं कुणी नसेल तर 139 हा क्रमांक आहे. तक्रारीत गाडीचा क्रमांक, डबा आणि पुढचं स्थानक सांगावं. नव्या गाड्यांत धूर ओळखणारी यंत्रणाही असते. ऑगस्ट 2023मध्ये तिरुपतीहून सिकंदराबादला निघालेल्या वंदे भारतच्या शौचालयात एका विनातिकीट प्रवाशाने सिगारेट पेटवली. धोक्याचा इशारा वाजला, आग विझवणारी पूड सुटली आणि गाडी थांबली.

'विमानात ॲशट्रे असतो, म्हणजे परवानगी असते'

असतो खरा, शौचालयाच्या दाराशी. जुलै 1973मध्ये रिओहून पॅरिसला चाललेल्या वारिग कंपनीच्या विमानात मागच्या शौचालयात आग लागली आणि 123 जण दगावले. कचऱ्याच्या डब्यात टाकलेलं थोटूक हे त्याचं संभाव्य कारण मानलं गेलं. बंदी मोडणारा एखादा निघालाच, तर त्याने थोटूक कागदांच्या डब्यात टाकू नये, एवढ्यासाठी ॲशट्रेचा नियम टिकून आहे. 'ही तर नुसती वाफ' म्हणून ई-सिगारेट काढणाऱ्यालाही तीच बंदी लागू आहे, आणि भारतात तर 2019च्या कायद्याने तिच्या विक्रीलाच मनाई आहे. त्या वाफेतही निकोटिन आणि बारीक कण असतात. विमानप्रवासात खरी अडचण येते ती विमानतळावर. धूम्रपानाच्या खोलीचं दार सतत उघडझाप होतं, म्हणून बसायची जागा तिच्यापासून लांब शोधावी.

'मास्क लावा ना!'

नीट बसलेला एन-95 मास्क धुराचे कण बऱ्यापैकी अडवतो. वायूरूप रसायनं त्यातून जातात, त्यामुळे मास्क घालूनही वास येतो आणि काहींना त्रासही होतो. कापडी मास्क, ओढणी किंवा रुमाल यांचा उपयोग जवळजवळ नाही, कारण सिगारेटच्या धुराचे बहुतेक कण एक मायक्रॉनहून लहान असतात. खोलीत ठेवायच्या हवाशुद्धी यंत्राचीही गत हीच. कण पकडले जातात, वायू बरेचसे उरतात. धुरातून निघेपर्यंतच्या वेळेपुरता मास्क जवळ ठेवावा, तिथे बसून राहण्याचा परवाना म्हणून वापरू नये.

'सगळेच ओढतात, कुणाकुणाला सांगणार?' हाही एक समज. 2016-17च्या राष्ट्रीय पाहणीत भारतात धूम्रपान करणारे प्रौढ 10.7 टक्के निघाले आणि महाराष्ट्रात तर 3.8 टक्के, आपला भर मशेरी-गुटख्यावर. मिझोराममध्ये मात्र हेच प्रमाण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, त्यामुळे ईशान्येच्या सहलीला चौकशी जास्त करावी. आपल्याकडे डब्यात बोलणारा माणूस एकटा नसतो, बाकीचे त्याच्या बोलण्याची वाट बघत असतात. कायद्याचं कलम सुनावण्यापेक्षा 'दादा, मला दम्याचा त्रास आहे, जरा विझवता का?' हे जास्त वेळा लागू पडतं.

आणि हॉटेलला फोन कराल तेव्हा 'नॉन-स्मोकिंग खोली आहे का?' असं विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी 'हो' असतं. 'तुमच्या हॉटेलात एखाद्या तरी खोलीत, बाल्कनीत किंवा गच्चीवर सिगारेट ओढू देता का?' असं विचारा. उत्तर लांबायला लागलं, तर दुसऱ्या हॉटेलचा नंबर फिरवा.