रिंग अंगाच्या मापाची

गेल्या रमजान ईदला धाकटीने ईदीच्या पैशातून एक रंगीबेरंगी रिंग विकत घेतली. सहा तुकडे एकमेकांत अडकवून तयार होणारी. मुले तिला हुलाहूप म्हणतात, आमच्या मोहल्ल्यात मात्र सगळेच रिंग म्हणतात. दुसऱ्याच दिवशी फिरवता फिरवता तिचा एक जोड निसटला, तुकड्याची धार पोटरीला लागली आणि चांगला बोटभर ओरखडा उमटला. रिंग पेटीमागे गेली.

पण त्या एका दिवसात घरात एक गोष्ट घडली होती. आमच्या मोठ्या जाऊबाईंना डॉक्टरांनी रोज अर्धा तास हालचाल करायला सांगितले आहे. बल्लारपूरच्या मे महिन्यात सकाळी आठनंतर बाहेर पाऊल टाकवत नाही, आणि संध्याकाळी रस्त्याने एकटीने फेऱ्या मारणे त्यांना अवघड वाटते. मुलींचे पाहून त्यांनी गच्चीवर ती रिंग कमरेला लावली. एक वेढाही पुरा न होता ती पायात पडली. चार वेळा तसेच झाले, मुली हसल्या, आणि भाभी "हे आपल्या वयाचे काम नाही" म्हणत खाली उतरल्या. त्यांचा उतरलेला चेहरा आमच्या लक्षात राहिला. म्हणून घरीच रिंग करून पाहायचे ठरवले.

आमचे गाव बांबूचे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला बांबू इथे आणून त्याचा कागद करण्याचे काम 1945 साली स्थापन झालेल्या पेपर मिलने केले, आणि चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबूचे संशोधन व प्रशिक्षण केंद्रही आहे. तेव्हा पहिला विचार बांबूचाच आला. सुपे-टोपल्या विणणाऱ्या बुरडकाकांकडून एक लांब ओली कामटी आणली. काका म्हणाले, "वाकते मस्त, पण वाळली की पाहा बाई." त्यांचे खरे ठरले. रिंग गोल झाली, फिरलीही. पण पेरे येते तिथे कामटी जाड, मधे पातळ. त्यामुळे वजन सारखे पडत नाही आणि रिंग झोकांड्या खाते. आठवड्याभरात ती वाळली, धागे सुटले, एक सल मुलीच्या बोटात रुतली. दारावर तोरण लावायला चांगली आहे, कमरेला नाही.

नंतर कळले की जगानेही हाच प्रवास केला आहे. ऑस्ट्रेलियात शाळकरी मुले बांबूच्या कड्या कमरेभोवती फिरवत. ती कल्पना अमेरिकेतल्या रिचर्ड नेर आणि आर्थर मेलिन यांच्या व्हॅम-ओ कंपनीने उचलली आणि 1958 मध्ये प्लास्टिकच्या रिंगा बाजारात आणल्या. काही महिन्यांत त्या कोट्यवधींनी खपल्या. त्यासाठी वापरलेले प्लास्टिक म्हणजे तेव्हा नवेच निघालेले कडक पॉलिथिन, ज्याला आज आपण एचडीपीई म्हणतो. गंमत अशी की तोच माल आपल्याकडे खेळण्याच्या दुकानात नव्हे, शेतीच्या दुकानात भेंडोळ्याने पडलेला असतो. नळजोडणीचा काळा पाइप तो हाच. ठिबकची नळी त्याची मऊ धाकटी बहीण.

दुकानात जाण्याआधी आम्ही एक चूक केली, ती सांगतो म्हणजे तुमची टळेल. अंदाजाने सहा फूट पाइप आणला. टोके जोडली तर रिंग अवघी 23 इंचांची झाली! बकरीच्या गळ्यात घालावी इतकी. मोठी मुलगी सातवीत आहे. तिने वही काढून दाखवले: व्यासाला बावीस सप्तमांशाने गुणायचे. तेव्हापासून आम्ही माप सातच्या पटीतच धरतो, हिशेब तोंडी होतो. 28 इंच रुंद रिंगेला 88 इंच पाइप लागतो, म्हणजे 7 फूट 4 इंच. 35 इंचाला 110 इंच, म्हणजे 9 फूट 2 इंच. 42 इंचाला बरोबर 11 फूट.

यातले कोणते माप कुणाला, हे ठरवायला इंचपट्टीही नको. रिंग जमिनीवर उभी करून शेजारी उभे राहायचे. वरची कड बेंबीच्या खाली राहिली तर ती शिकणाऱ्यासाठी लहान. बेंबी आणि छातीच्या मध्ये कुठेतरी आली तर बरोबर. भाभींना जी रिंग जमली नाही ती त्यांच्या मांडीपर्यंत येत होती. दोष कमरेचा नव्हताच. लहान आणि हलकी रिंग फार भरभर फिरवावी लागते, मोठी आणि थोडी जड रिंग सावकाश येते, ती पुढे-मागे येईपर्यंत शरीराला हलायला वेळ मिळतो. लोकांना उलटे वाटते. शिकणाऱ्याला हलकी द्यावी म्हणतात, आणि तिथेच तो हरतो.

आता पाइप. ठिबकची 16 मिलिमीटरची नळी सात-आठ वर्षांच्या मुलांना ठीक. 28 इंचाची रिंग सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरते, लागली तरी इजा नाही. तिच्यात मोठी रिंग करू नका, ती लोंबते आणि अंड्यासारखी होते. मोठ्या मुलींसाठी 20 मिलिमीटरचा एचडीपीई पाइप घ्यावा. 35 इंचाची रिंग साधारण तीनशे ग्रॅम होते. तालबद्ध जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धेतील रिंगही आतून 80 ते 90 सेंटिमीटर रुंद आणि किमान 300 ग्रॅम वजनाची असते, तेव्हा हे माप नेमके तिथेच बसते. मोठ्या बायकांना 25 मिलिमीटरचा. 42 इंचाची अर्धा किलोच्या थोडी वर जाते. 32 मिलिमीटरचा पाइप दुकानदार भाऊ "मजबूत आहे, घ्या" म्हणून पुढे करतील, घेऊ नका. आठशे ग्रॅमची रिंग कंबरेच्या हाडावर काळेनिळे डाग पाडते. वायरिंगचा पीव्हीसी पाइप सरळ असतो, वाकवला की दबतो किंवा तडकतो. बागेची नळी तर उभीच राहत नाही.

जोडावर सगळी भिस्त आहे. ठिबकच्या नळीला दातेरी जॉइनर मिळतो, तो दोन्ही बाजूंनी दाबून बसवायचा. जाड पाइपला आम्ही वेगळी युक्ती केली: पंचवीसच्या पोटात वीसचा चार इंच तुकडा, आणि वीसच्या पोटात सोळाचा. पाइपची जाडी दाबाप्रमाणे बदलते, म्हणून तुकडा दुकानातच घालून पाहावा. सैल वाटला तर चिकटपट्टीचे वेढे द्यावेत. पाइपचे टोक मिनिटभर उकळत्या पाण्यात धरले की ते मऊ होते आणि तुकडा आत जातो. गार झाले की घट्ट आवळते. हे मोठ्यांनीच करावे, मुलांना चुलीपासून लांब ठेवून. मेणबत्तीवर पाइप तापवू नका, धूर वाईट. खिळा किंवा स्क्रूही नको, त्याचे टोक ओढणीत आणि कातडीत अडकते. शेवटी जोडावर रुंद चिकटपट्टी.

काळा पाइप गुळगुळीत असतो आणि रेशमी कुर्त्यावरून घसरतो. जुन्या सुती ओढणीची दोन बोटे रुंद पट्टी तिरकी गुंडाळली की पकड येते, दिसतेही छान. धाकटीच्या रिंगेत जोडण्याआधी मूठभर चिंचोके टाकले, ते फिरताना खुळखुळतात. वाळू भरू नये.

भाभींची 42 इंची रिंग एका शुक्रवारी तयार झाली. असरनंतर गच्चीला आडोशाची चादर बांधली. पहिल्या दिवशी सात वेढे, आठवड्याने मोजणे सोडले. आता शेजारच्या दोघी येतात आणि त्यांच्यासाठीही पाइप आणला आहे. आम्ही एकच सावधगिरी सांगतो: पाठीचे दुखणे, गरोदरपण किंवा पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे, आणि सुरुवातीला पाच-पाच मिनिटेच, दोन्ही दिशांनी.

रिंग भिंतीला टेकवून उन्हात ठेवू नका, इथल्या उन्हात ती एका दुपारीत लांबट होते. झालीच तर गच्चीवर सपाट पसरून, हाताने गोल करून, संध्याकाळपर्यंत तशीच राहू द्यावी. आमची खुंटीऐवजी पलंगाखाली आडवी असते. दर जुम्म्याला जोड ओढून पाहतो, सैल झाला तर पट्टी बदलतो.