मालबेक आणि स्थलगुण

मालबेक ही मूळची नैर्ऋत्य फ्रान्समधील, काळ्या सालीची आणि मुख्यतः वाइनसाठी पिकवली जाणारी द्राक्षाची जात होय. ही एकच जात वेगवेगळ्या ठिकाणी लावली असता तिच्या वाइनचा रंग, आंबटपणा, तुरटपणा आणि सुगंध यांत स्पष्ट फरक आढळतो. जमीन, उंची, हवामान, पाणी आणि त्या ठिकाणी रुजलेली शेतीपद्धती यांच्या ज्या एकत्रित प्रभावामुळे हा फरक पडतो, त्याला फ्रेंच भाषेत 'तेर्वार' म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी 'स्थलगुण' हा शब्द वापरला आहे.

फ्रान्समधील काओर आणि अर्जेंटिनामधील मेन्दोसा हे मालबेकचे दोन प्रमुख प्रदेश आहेत. महाराष्ट्रात वाइनच्या द्राक्षांची लागवड प्रामुख्याने नाशिक परिसरात होते. वर्धा जिल्हा जवळपास नाशिकच्याच अक्षांशावर आणि त्याच बेसाल्ट खडकावर वसलेला असूनही तेथे वाइनच्या द्राक्षांचा प्रदेश विकसित झालेला नाही. स्थलगुण म्हणजे केवळ खडक किंवा माती नव्हे, हे या तुलनेवरून समजते.

## जातीचे गुणधर्म

जनुकीय चाचण्यांनुसार मालबेक ही माग्देलेन न्वार दे शारांत आणि प्रुनलार या दोन फ्रेंच जातींच्या नैसर्गिक संकरातून निर्माण झाली आहे. काओर परिसरात तिला 'कोत' असेही म्हणतात. तिच्या मण्यांत रंगद्रव्यांचे प्रमाण भरपूर असल्याने वाइन गडद जांभळ्या रंगाची होते.

ही जात हवामानाच्या बाबतीत नाजूक आहे. फुलोऱ्याच्या काळात पाऊस किंवा गारवा असल्यास फुलगळ होऊन घड विरळ राहतात. दमट हवेत केवडा हा बुरशीजन्य रोग तिला लवकर ग्रासतो, तर कडाक्याच्या थंडीत वेली मरतात. फेब्रुवारी १९५६ मधील तीव्र थंडीत बोर्दो आणि काओर येथील द्राक्षबागांची मोठी हानी झाली. त्यानंतर बोर्दोमध्ये मालबेकची लागवड घटत गेली. काओरने मात्र तिचीच पुनर्लागवड केली. थोडक्यात, मालबेक कोठे टिकावी याचा निर्णयही मोठ्या प्रमाणात हवामानानेच केला आहे.

## स्थलगुणाचे घटक

### तापमान आणि उंची

समुद्रसपाटीपासून दर १०० मीटर उंचीला तापमान साधारणपणे ०.६ अंश सेल्सिअसने कमी होते. मणी पक्व होत असताना त्यांतील साखर वाढते आणि आम्ल घटते. उष्ण हवेत मॅलिक आम्ल झपाट्याने खर्ची पडते. थंड रात्रींमुळे त्याचा ऱ्हास मंदावतो. सालीतील अँथोसायनिन ही रंगद्रव्येही अतिउष्णतेत कमी तयार होतात. त्यामुळे उष्ण ठिकाणच्या द्राक्षांत साखर लवकर भरली, तरी रंग आणि आंबटपणा मागे पडण्याची शक्यता असते. अधिक उंचीवर सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांचे प्रमाण वाढते. त्यांपासून संरक्षण म्हणून सालीत रंगद्रव्ये व इतर फिनॉलिक संयुगे अधिक साठतात.

### जमीन आणि पाणी

मातीतील खनिजांची चव मुळांवाटे थेट वाइनमध्ये उतरते, हा समज लोकप्रिय असला तरी त्यास शास्त्रीय आधार नाही. मातीचा परिणाम मुख्यतः पाण्याच्या माध्यमातून होतो. उथळ, दगडगोट्यांच्या किंवा मुरमाड जमिनीतून पाणी लवकर निचरते. वेलीला पाण्याचा माफक ताण बसला की फुटव्यांची वाढ थांबते आणि मणी लहान राहतात. लहान मण्यांत रसाच्या तुलनेत सालीचे प्रमाण जास्त असते. रंग, तुरटपणा आणि सुगंधाचा मोठा भाग सालीतच असल्याने वाइन दाट होते. खोल, ओलावा धरून ठेवणाऱ्या जमिनीत पाने व फुटवे माजतात, घडांवर सावली पडते आणि वाइन पातळ होते. जेवणाच्या ताटातील द्राक्षासाठी मोठा, रसदार मणी हा गुण ठरतो. वाइनसाठी तोच दोष ठरू शकतो.

### मनुष्याचा सहभाग

खुंटाची निवड, वेलीला दिलेला आधार, छाटणीची तारीख, पाण्याच्या पाळ्या आणि काढणीचा दिवस हे निर्णय शेतकरी घेतो. त्यांनाही स्थलगुणात धरावे की नाही, यावर मतभेद आहेत. उष्ण कटिबंधातील द्राक्षशेतीत मात्र त्यांना वगळून स्थलगुणाचे स्पष्टीकरण देता येत नाही.

## काओर आणि मेन्दोसा

काओरचा प्रदेश सुमारे ४४ अंश उत्तर अक्षांशावर, लोत नदीच्या वळणावळणाच्या खोऱ्यात आहे. नदीकाठच्या पायऱ्यांवर गाळ व गोट्यांची जमीन आढळते, तर वरच्या पठारांवर चुनखडीची उथळ जमीन आहे. पायऱ्यांवरील वाइन तुलनेने मऊ व फळांच्या स्वादाची, तर पठारावरील वाइन अधिक ताठर व आंबटसर मानली जाते. तेथील गडद वाइन पूर्वीपासून 'काळी वाइन' म्हणून ओळखली जात असे. काओरला १९७१ मध्ये संरक्षित नामांकन मिळाले. या नावाने विकल्या जाणाऱ्या वाइनमध्ये किमान ७० टक्के मालबेक असणे बंधनकारक आहे.

अर्जेंटिनामध्ये ही जात फ्रेंच कृषितज्ज्ञ मिशेल एमे पूझे यांच्यामार्फत पोहोचली. मेन्दोसा येथील कृषिविद्यालयाच्या स्थापनेशी निगडित असलेला १७ एप्रिल १८५३ हा दिवस स्मरून दरवर्षी १७ एप्रिलला जागतिक मालबेक दिन पाळला जातो. मेन्दोसा अँडीज पर्वताच्या पर्जन्यछायेत आहे. तेथे वर्षाला सुमारे २०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि शेती डोंगरावरील वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर चालते. कोरड्या हवेमुळे बुरशीजन्य रोग कमी असतात. गारपीट हा तेथील मोठा धोका असून अनेक बागांवर जाळ्या टाकलेल्या असतात.

काओरमध्ये थंडी व ओलावा या मालबेकच्या अडचणी होत्या. मेन्दोसात उष्णता ही अडचण ठरली आणि तिच्यावर उंचीचा उपाय सापडला. लुहान दे कुयो येथील जुन्या बागा समुद्रसपाटीपासून साधारण हजार मीटर उंचीवर आहेत. उको खोऱ्यातील ग्वालतायारी परिसरात त्या सुमारे १,५०० मीटरपर्यंत पोहोचतात. सखल भागातील मालबेक मऊ व पिकलेल्या आलुबुखाऱ्याच्या स्वादाची, तर उंचावरील मालबेक अधिक आंबटसर, गडद आणि फुलांच्या सुगंधाची असते, असे सर्वसाधारण निरीक्षण आहे.

या निरीक्षणाची शास्त्रीय तपासणीही झाली आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेन्दोसातील २३ लहान भूखंडांवरील मालबेकची वाइन २०१६, २०१७ आणि २०१८ या तीन हंगामांत एकाच ठरावीक पद्धतीने तयार करण्यात आली. फिनॉलिक संयुगांच्या विश्लेषणावरून त्यांपैकी ११ भूखंड हंगाम कोणताही असला तरी अचूक ओळखता आले. वाइन बनवण्याची पद्धत समान ठेवल्यामुळे हा फरक प्रामुख्याने जागेचा होता, असे म्हणता येते. काओर व मेन्दोसा यांची परस्पर तुलना करताना मात्र सावधगिरी आवश्यक आहे. दीडशेहून अधिक वर्षांच्या निवडीमुळे अर्जेंटिनातील मालबेकचे घड व मणी फ्रान्समधील वेलींपेक्षा काहीसे वेगळे झाले आहेत.

## महाराष्ट्रातील स्थिती

नाशिक सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आणि साधारण ६०० मीटर उंचीवर आहे. सह्याद्रीपासून पूर्वेकडे जाताना पाऊस अतिशय वेगाने कमी होतो. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक, तर नाशिक शहरात सातशेच्या आसपास पाऊस पडतो. त्यामुळे एकाच जिल्ह्यात अनेक स्थलगुण आढळतात. राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केल्यानंतर या भागात वाइन उद्योग वाढला. 'नाशिक व्हॅली वाइन' या नावाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. येथे शिराझ, कॅबरने सोव्हिन्यों, शेनिन ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां या जाती प्रमुख असून मालबेकची लागवड तुलनेने अल्प आहे. इगतपुरी तालुक्यातील व्हॅलोने या वाइनरीने मालबेकची वाइन तयार केली आहे.

समशीतोष्ण प्रदेशात हिवाळ्यात वेल सुप्तावस्थेत जाते आणि हंगामाची सुरुवात निसर्ग ठरवतो. महाराष्ट्रात वेल खऱ्या अर्थाने झोपत नाही. त्यामुळे वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते. एप्रिलमधील खरड छाटणीनंतर नव्या काड्या वाढतात व त्यांच्या डोळ्यांत सूक्ष्म घड तयार होतात. पावसाळा ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी होते. ती गोडी छाटणी म्हणूनही ओळखली जाते. वाइनच्या द्राक्षांची काढणी साधारणपणे जानेवारी ते मार्चदरम्यान होते.

यातून एक मूलभूत फरक निर्माण होतो. काओर व मेन्दोसात द्राक्षे शरद ऋतूत, म्हणजे दिवस थंड होत जात असताना पिकतात. नाशिकमध्ये ती हिवाळ्याकडून उन्हाळ्याकडे, दिवस तापत जात असताना पिकतात. फळ छाटणी लवकर केली, तर परतीच्या पावसात केवडा आणि फुलगळीचा धोका असतो. उशिरा केली, तर पक्वतेचा अखेरचा टप्पा मार्चच्या उन्हात सापडतो. मालबेक या दोन्ही बाबतींत संवेदनशील असल्याने तिच्यासाठी योग्य तारखांची मुभा आणखी कमी राहते. अवकाळी पाऊस आणि गारपिटीमुळे ती अधिकच अरुंद होत आहे. महाराष्ट्रात जागेचे गुण वाइनमध्ये उतरतात ते अशा रीतीने छाटणीच्या कात्रीतून. एकाच बागेतील दोन भाग काही आठवड्यांच्या अंतराने छाटले, तर माती एकच असूनही त्यांची द्राक्षे वेगळ्या हवामानात पिकतात.

## वर्धा जिल्ह्याशी तुलना

वर्धा जिल्हा सुमारे २० ते २१ अंश उत्तर अक्षांशांदरम्यान आहे. नाशिकप्रमाणेच तोही दख्खनच्या पठारावरील, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून बनलेल्या बेसाल्टवर वसलेला आहे. केवळ अक्षांश आणि खडक पाहिल्यास दोन्ही ठिकाणी सारखी वाइन अपेक्षित धरता येईल. प्रत्यक्षात पुढील बाबी भिन्न आहेत.

* उंची : वर्धा शहर समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरांच्या आत आहे. नाशिकच्या तुलनेत सुमारे साडेतीनशे मीटरांचा हा फरक केवळ उंचीच्या हिशेबाने दोन अंशांचा होतो. समुद्रापासूनचे अंतर त्यात भर घालते.
* उन्हाळा : मे महिन्यात येथील तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते. खरड छाटणीनंतर कोवळे फुटवे वाढण्याचा व काड्यांत सूक्ष्म घड तयार होण्याचा काळ नेमका हाच असतो.
* पक्वतेचा काळ : फेब्रुवारी-मार्चमध्ये येथे ऊन लवकर तापते. परिणामी आम्ल व रंग टिकण्यास मिळणारा अवधी कमी होतो. याच काळात विदर्भात गारपीटही होते.
* जमीन : नदीखोऱ्यातील खोल काळी जमीन कापसाला मानवते. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यानंतरही दीर्घकाळ ओल धरून ठेवते. वाइनच्या द्राक्षाला हवा असलेला पाण्याचा माफक ताण अशा जमिनीत देणे कठीण असते.

आर्वी, आष्टी आणि कारंजा या उत्तरेकडील तालुक्यांतील टेकड्यांच्या भागात हलक्या जमिनी आहेत. तेथे संत्र्याच्या बागा आहेत. जमिनीची अडचण तेथे कमी असली, तरी उन्हाळ्याची अडचण कायम राहते.

निसर्गाबरोबरच कायदा हाही येथील परिस्थितीचा भाग आहे. महात्मा गांधींनी १९३६ पासून सेवाग्राम येथे वास्तव्य केले. या वारशामुळे १९७०च्या दशकापासून वर्धा जिल्ह्यात दारूबंदी लागू आहे. त्यामुळे नाशिकला उपलब्ध झालेली वाइनरी, स्थानिक विक्री व पर्यटन यांची साखळी येथे उभी राहू शकलेली नाही.

याचा अर्थ जिल्ह्याला स्वतःचा स्थलगुण नाही, असा होत नाही. समुद्रपूर तालुक्यातील वायगाव परिसरात पिकणाऱ्या 'वायगाव हळदी'ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कुर्क्युमिनच्या अधिक प्रमाणासाठी ती ओळखली जाते. मालबेकच्या वेलीला अडचणीची ठरणारी विदर्भाची परिस्थिती दुसऱ्या पिकाच्या बाबतीत त्याची ओळख ठरते.

## आर्थिक व कायदेशीर महत्त्व

स्थलगुणाची कल्पना केवळ आस्वादापुरती मर्यादित नाही. भौगोलिक मानांकनामुळे ठरावीक प्रदेशातील नोंदणीकृत उत्पादकांनाच त्या प्रदेशाचे नाव वापरता येते. भारतात यासाठी १९९९चा भौगोलिक मानांकन कायदा लागू असून तो २००३ मध्ये अमलात आला. नावाला मिळणारे संरक्षण ग्राहकाचा विश्वास आणि शेतकऱ्याचा भाव या दोहोंशी निगडित असते.

द्राक्षबाग ही दीर्घ मुदतीची व भांडवली शेती आहे. खुंट, कलम, तारा, खांब आणि ठिबक सिंचन यांवरील खर्च पहिल्या पिकापूर्वीच करावा लागतो आणि बाग अनेक वर्षे त्याच जागी राहते. वाइनच्या द्राक्षांना ताज्या द्राक्षांसारखी खुली बाजारपेठ नसल्याने वाइनरीशी करार नसल्यास माल पडून राहण्याचा धोकाही असतो. म्हणून जातीची कीर्ती किंवा खडकाचे साधर्म्य पाहून लागवड करण्याऐवजी उंची, जमिनीची खोली, फुलोरा व पक्वतेच्या महिन्यांतील हवामान आणि विक्रीची व्यवस्था यांचा एकत्रित विचार करणे आवश्यक ठरते.

## हे सुद्धा पहा

* द्राक्ष
* दख्खनचे पठार
* भौगोलिक मानांकन
* वायगाव हळद
* वर्धा जिल्हा