रिफंडचा मेल आला, पण पाठवला कोणी?

मैत्रिणींनो, इन्कम टॅक्सचा विषय निघाला की आपल्यातल्या बऱ्याच जणी म्हणतात, ‘ते सगळं आमच्याकडे हे बघतात.’ कुणाकडे मुलगा बघतो, कुणाकडे गावातले टॅक्स सल्लागार. आपण दाखवतील तिथे सही करायची आणि मोकळं व्हायचं! पण पॅन कार्ड आपल्या नावावर असतं. माहेरहून आलेल्या किंवा पै-पै साठवलेल्या पैशांची मुदत ठेव आपल्या नावावर असते. आणि एक दिवस मेलही आपल्याच नावाने येतो, ‘अभिनंदन! आयकर खात्याकडून तुम्हाला रिफंड मंजूर झाला आहे. खालील लिंकवर जाऊन बँकेची माहिती भरा.’

आता हा मेल खरा की खोटा? आपल्या नावाने रिटर्न भरलं होतं की नाही, टॅक्स कापला गेला होता की नाही, हेच ठाऊक नसेल तर ओळखणार कसं? फसवणाऱ्यांना नेमकी हीच जागा सापडलेली असते.

दोन आमिषं : लोभ आणि भीती

या मेलचे ढोबळमानाने दोन प्रकार. पहिला गोड बोलणारा. २०२३ मध्ये असाच एक निरोप देशभर फिरत होता. १५,४९० रुपयांचा रिफंड मंजूर झाला आहे, हा खाते क्रमांक तुमचाच ना? चुकीचा असेल तर लिंकवर जाऊन दुरुस्त करा! सरकारच्या ‘पीआयबी फॅक्ट चेक’ने तो खोटा असल्याचं जाहीर केलं. यातली चलाखी पाहा. रक्कम लाखाची नाही, खरी वाटावी एवढीच. आणि खाते क्रमांक मुद्दाम दुसराच. ‘अगंबाई, माझे पैसे भलत्याच्याच खात्यात जातील की!’ असं वाटून आपण घाईघाईने लिंक दाबतो आणि आपला खरा खाते क्रमांक, कार्डाचा नंबर, ओटीपी सगळं आपल्याच हाताने देऊन बसतो.

दुसरा प्रकार दरडावणारा. ‘तुमच्या विवरणात तफावत आढळली आहे, २४ तासांत उत्तर न दिल्यास दंड व कारवाई.’ वर राजमुद्रा, खाली साहेबाची सही, सोबत जोडलेली फाइल. ती उघडली की मोबाइलमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये चोर घुसलाच म्हणून समजा.

निमित्तंही बातम्यांतून शोधली जातात. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘पॅन २.०’ योजना मंजूर केली आणि पुढे ‘तुमचं नवं ई-पॅन डाउनलोड करा’ असे खोटे मेल सुरू झाले. जून-जुलैमध्ये रिटर्न भरायची धांदल असते, तेव्हा तर या मेलना ऊत येतो.

पत्ता शेवटाकडून वाचा

पाकिटावरचा पत्ता वाचताना आपण शेवटी गाव आणि जिल्हा बघतो ना? वेबसाइटचं नावही तसंच शेवटाकडून बघायचं. आयकर खात्याची वेबसाइट आहे ‘इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन’. यातलं ‘गव्ह’ म्हणजे जी-ओ-व्ही ही तीन अक्षरं. नावात कुठेतरी ‘इन्कमटॅक्स’ आहे एवढ्यावर भुलू नका. ‘इन्कमटॅक्स रिफंड डॉट कॉम’ असं नाव उद्या कुणीही घेऊ शकतो. तिरकी रेघ येण्याआधीचा शेवट ‘डॉट गव्ह डॉट इन’ असाच हवा.

मेल पाठवणाऱ्याच्या नावावरही जाऊ नका. ‘इन्कम टॅक्स डिपार्टमेंट’ असं नाव कुणालाही लावता येतं. त्यावर बोट ठेवलं की खरा पत्ता दिसतो. पण हेही लक्षात असू द्या की मुरलेले भामटे हा पत्तासुद्धा हुबेहूब खऱ्यासारखा दाखवू शकतात. मेलमध्ये आपला पॅन नंबर बरोबर आहे, म्हणून मेल खरा, असंही नाही. पॅनची झेरॉक्स आपण कुठे कुठे दिलेली असते, आठवून बघा!

मग सगळे मेल पुसून टाकायचे का? नाही हं! आयकर खातं खरोखरच मेल पाठवतं. रिटर्न तपासून झालं की त्याची सूचना मेलवर येते, कधी खरी नोटीसही येते आणि तिच्याकडे दुर्लक्ष केलं तर पुढे त्रास आपल्यालाच.

आपल्या दाराने जा

यावर सोपा उपाय आहे. मेलमधल्या लिंकने जायचंच नाही. मेल बंद करायचा, ब्राउझरमध्ये वेबसाइटचं नाव स्वतः टाइप करायचं आणि आपला पॅन व पासवर्ड घालून आत जायचं. मेल खरा असेल तर तीच गोष्ट तुमच्या खात्यातही दिसेल. रिफंड असेल तर त्याची स्थिती तिथे कळते. तो रिटर्नमध्ये दिलेल्या आणि पोर्टलवर आधीच पडताळलेल्या बँक खात्यात थेट जमा होतो. त्यासाठी आयकर खातं मेल करून कार्डाचा नंबर, पिन, पासवर्ड किंवा ओटीपी कधीच मागत नाही.

नोटीस असेल तर आणखी एक खूण आहे. १ ऑक्टोबर २०१९ पासून आयकर खात्याच्या नोटिशींवर ‘डीआयएन’ हा ओळख क्रमांक घालायला सुरुवात झाली. वेबसाइटच्या पहिल्याच पानावर नोटीस पडताळण्याची सोय आहे. तिथे हा क्रमांक घालून नोटीस खरी की बनावट ते बघता येतं. त्यासाठी लॉगिनचीही गरज नाही.

आपलं खातं आपल्याला माहीत हवं

छोट्या गावांत एक गोष्ट सर्रास होते. पोर्टलवर नाव नोंदवताना मोबाइल नंबर आणि ई-मेल आपला न देता सल्लागारांचा किंवा मुलाचा दिला जातो. मग खरे ओटीपी आणि खऱ्या सूचना त्यांच्याकडे जातात आणि आपल्याकडे येतात ते फक्त खोटे मेल! रिटर्न खुशाल त्यांनी भरावं, पण नंबर आणि ई-मेल आपला असू द्या.

तीन प्रश्नांची उत्तरं आपल्याला ठाऊक हवीत. यंदा माझ्या नावाने रिटर्न भरलं का? माझ्या ठेवींवरच्या व्याजातून टीडीएस कापला गेला का? रिफंडसाठी कोणतं बँक खातं दिलं आहे? टीडीएस कापलाच नसेल, वेगळा टॅक्सही भरला नसेल, तर परत काय मिळणार? हे माहीत असेल तर गोड मेलला आपण हसून बाजूला सारू.

चुकून लिंक दाबली तर?

अशा वेळी बाई पहिली घाबरते ती पैसे गेल्यामुळे नव्हे, तर घरी काय म्हणतील म्हणून. ‘तुला कुणी सांगितले होते नसते उद्योग?’ हे ऐकावं लागू नये म्हणून ती दोन दिवस गप्प बसते. मैत्रिणींनो, तेवढ्या वेळात पैसे चार खात्यांतून फिरून निघूनही जातात. लगेच कळवलं तर ते वाटेत अडवता येण्याची शक्यता असते. चांगले शिकलेसवरलेले लोकही या मेलना फसतात. त्यात लाज कसली? लाज वाटायला हवी ती चोराला!

आधी बँकेला फोन करून कार्ड आणि नेट बँकिंग बंद करा. लगोलग १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ या सरकारी वेबसाइटवरही तक्रार करता येते. ई-मेलचा आणि आयकर पोर्टलचा पासवर्ड बदला, पण संशयास्पद फाइल उघडली असेल तर दुसऱ्या मोबाइलवरून. तो मेल पुसू नका, पुरावा म्हणून लागतो. पैसे गेले नसले तरी असा मेल आयकर खात्याच्या ‘वेबमॅनेजर ॲट इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन’ या पत्त्यावर पुढे पाठवता येतो.

या रविवारी दुपारी अर्धा तास काढा. ‘हे’ किंवा मुलगा, जो कुणी बघत असेल त्याला शेजारी बसवा, पण माउस मात्र आपल्या हातात ठेवा. पोर्टलवर आपल्या नावाने लॉगिन करा, नंबर आणि ई-मेल तपासा, पासवर्ड बदला. दागिन्यांच्या कपाटाची किल्ली आपण कनवटीला लावतो, मग या कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे का असावी?