घोडेस्वाराचे शिरस्त्राण

यवतमाळ जिल्ह्यातील मुलांना घोडा बहुधा लग्नाच्या वरातीतच दिसतो. परंतु सुटीत माथेरानला गेलेल्या मुलाला घोड्यावर बसण्याची संधी सहज मिळते. तेथे खासगी मोटारींना दस्तुरी नाक्यापुढे मज्जाव आहे. म्हणून तांबड्या मातीच्या वाटांवरून आजही घोडी चालतात. घोडेवाला लगाम धरून पुढे चालतो आणि मूल पुष्कळदा उघड्या डोक्यानेच खोगिरावर बसलेले असते. घोडा गरीब आहे, मग भय कसले, असे बरोबरच्या मंडळींस वाटते.

गरीब घोडाही ठेचकाळतो. कर्टनी किंग-डाय ही अमेरिकेची अश्वारोहिणी २००८ च्या ऑलिंपिकमध्ये उतरली होती. मार्च २०१० मध्ये सराव करीत असता तिचा घोडा अडखळून पडला. तिच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. जवळजवळ महिनाभर ती बेशुद्ध होती. पुढे तिला चालणे-बोलणे नव्याने शिकावे लागले. तिच्या क्रीडाप्रकारात उंच टोपी घालून मिरवण्याची जुनी रूढी होती. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून ती २०२१ मध्ये कायमची गेली व शिरस्त्राण सक्तीचे झाले.

लहान चणीच्या घोड्यावर बसलेल्या मुलाचे डोकेही जमिनीपासून सुमारे दोन मीटर उंच असते. तेवढ्या उंचीवरून सुटलेली वस्तू भूमीस टेकते तेव्हा तिचा वेग ताशी २२ किलोमीटरांच्या आसपास असतो. कवटी दगडावर आपटून तत्क्षणी थांबते. आतला मऊ मेंदू मात्र थांबत नाही, तो कवटीवर आदळतो. शिरस्त्राणाचे कवच टणक असते खरे, पण मुख्य काम करतो तो आतला थर्माकोलसारखा थर. तो चेंगरतो आणि डोक्याला थांबावयास थोडा अधिक अवधी देतो. चेंडू झेलताना खेळाडू हात मागे घेतो, तो याचसाठी. चेंगरलेला थर पुन्हा पूर्ववत होत नाही. म्हणून एकदा जोराने आपटलेले शिरस्त्राण वरून धड दिसले तरी टाकून द्यावे लागते.

मराठा स्वाराच्या पागोट्याचे वेढे तलवारीचा वार सौम्य करीत. परंतु पडताना पागोटे डोक्यावर राहीलच, असा भरवसा नसे. आजच्या शिरस्त्राणाला हनुवटीखाली पट्टा असतो तो यासाठीच. पट्टा बांधल्यावर मान हलवून पाहावी. शिरस्त्राण सरकता कामा नये. त्याची कड भुवयांच्या किंचित वर आडवी यावी. थोरल्या भावाचे सैल शिरस्त्राण धाकट्याच्या उपयोगी पडत नाही. मान आणि पाठ यांचे रक्षण तर कोणत्याच शिरस्त्राणाने होत नाही. त्यामुळे ते घातले म्हणून घोडा दौडवावा, असे नव्हे.

भाड्याच्या घोड्याबरोबर शिरस्त्राण मिळते की नाही, हे रिकिबीत पाय घालण्यापूर्वी घोडेवाल्यास विचारावे.