सिलिंडरवाचून हायड्रिला

माशांच्या टाकीत प्रथमच वनस्पती लावणाऱ्याला दुकानदारापासून मित्रमंडळींपर्यंत सर्वांकडून हमखास ऐकावे लागते, की कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर जोडल्याखेरीज पाण्यात झाडे जगत नाहीत. या समजाला थोडा आधार आहे, कारण हा वायू हवेच्या तुलनेत पाण्यात सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो आणि पानांना त्याची चणचण भासू शकते. लालबुंद, नाजूक जातींच्या दाट बागेला सिलिंडरचा उपयोग होतोही. परंतु हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया किंवा सिराटोफायलम यांसारख्या काटक, झपाट्याने वाढणाऱ्या वनस्पतींवर ती अट लादणे निव्वळ अज्ञान आहे. या तिन्ही वनस्पती पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटमधूनही, म्हणजे पाण्याला जडपणा आणणाऱ्या क्षारांच्या एका घटकातूनही, कार्बन मिळवतात. याचा पुरावा टाकीतच सापडतो: साबणाला फेस न येणाऱ्या बोअरवेलच्या पाण्यात, भरपूर प्रकाशात वाढलेल्या हायड्रिलाच्या पानावर बोट फिरवले, तर चुनखडीचा पांढुरका, खरखरीत थर हाताला लागतो, हा रोग नसून, पानाने बायकार्बोनेट वापरल्यावर मागे राहिलेला कॅल्शियम कार्बोनेट असतो.

तरीही शंका उरलीच, तर फ्लोरिडा विद्यापीठातील जॉर्ज बोज व सहकाऱ्यांचे संशोधन पाहावे. वायूचा तुटवडा पडला, की हायड्रिला मका-उसाच्या पद्धतीशी मिळतीजुळती कार्बन पकडण्याची यंत्रणा कामाला लावते, असे त्यांनी दाखवले. त्याच फ्लोरिडात १९५०च्या दशकात शोभेच्या टाक्यांच्या व्यापारातून आलेल्या हायड्रिलाने तळी आणि कालवे व्यापले, ते कोणत्या सिलिंडरच्या बळावर, हे विक्रेत्यांनी सांगावे.

इतर समजुतींना याहून कमी जागा पुरते. रात्री वनस्पती प्राणवायू घेतात हे खरे, पण पहाटे मासे पृष्ठभागाशी तोंड उघडत असतील, तर बहुधा माशांची गर्दी आणि निश्चल पाणी यांकडे आधी पाहावे. सिराटोफायलमला खास माती लागत नाही, कारण त्याला मुळेच नसतात. नव्याने आणलेल्या रोपाची जुनी पाने विरघळली म्हणजे रोप मेले असे नव्हे. अनेक रोपवाटिकांत रोपे पाण्याबाहेर वाढवलेली असतात आणि पाण्याखाली त्यांना नवी पाने फुटावी लागतात. छाटलेली फांदी ओढ्यात टाकल्याने कुजून जाते, हा समज मात्र सर्वांत महागात पडणारा आहे, कारण हायड्रिलाच्या एका पेरापासूनही नवे झाड उभे राहते; म्हणून छाटण उन्हात कडकडीत वाळवूनच टाकावी.